कल्हई, कळकलेलं ताक आणि कथिलात मिसळलेलं शिसं: तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धागा

गोदाकाठची_चूल

जुनी भांडी माळ्यावरून खाली उतरवून पुन्हा वापरात आणायची टूम सध्या घरोघरी आहे. भांडी बाजारात नव्या पितळी पातेल्यांनाही गिऱ्हाईक वाढलंय. पण माहिती विचाराल तर दहा तोंडं, दहा मतं. म्हणून सगळं एका जागी असावं यासाठी हा धागा. प्रश्न नेमके टाकते:

१. कल्हई नीट झाली हे कसं ओळखायचं? पहिल्या दिवशी आरशासारखी दिसते आणि तीन आठवड्यांत काळपट पडते. हे भेसळीमुळे का?
२. कथिलात शिसं मिसळलंय का, हे घरी कळतं का?
३. चिंचेने घासलेलं पितळ गुलाबी का होतं?
४. पितळी कळशीला काठापाशी केसासारखी उभी चीर जाते. ठोकर नाही, पडझड नाही. मग कशामुळे?
५. तांब्याच्या हंड्यातलं पाणी, काशाचं ताट आणि सिंहस्थात विकले जाणारे सीलबंद गडू यांबद्दलही लिहा.

आरोग्याचे चमत्कार सांगणारे फॉरवर्ड इथे चिकटवू नयेत, ही विनंती.

भाता_आणि_भट्टी

पहिल्या प्रश्नापासून धरतो, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

कल्हई म्हणजे रंग नव्हे आणि मुलामाही नव्हे. वितळलेलं कथील तांब्याला लागलं की दोघांच्या सीमेवर दोन्ही धातूंचं मिळून एक पातळ संयुग तयार होतं. भांड्याला धरून राहतो तो हा थर. वरचं चकचकीत कथील त्याच्या आधाराने बसतं. संयुग तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. धातू उघडा हवा, म्हणजे ऑक्साइड नाही आणि तेलकटपणाही नाही. आणि उष्णता बेताची हवी. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं २५० ते २८० च्या दरम्यान असलं की काम सुरेख होतं.

काम असं चालतं. आधी पोचे काढून घ्यायचे, कारण कल्हईनंतर ठोकलं तर थर तडकतो. मग जुनं तेल जाळून किंवा धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने काढायचं. जळकट तेलाचा पिवळा चिकट थर हा कल्हईचा पहिला शत्रू. आम्लाने तो जात नाही, क्षारानेच जातो. त्यानंतर आम्लाचं काम: चिंच-मीठ, किंवा पातळ केलेलं मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक). मग बारीक वाळूने किंवा विटेच्या भुकटीने घासून, दोन पाण्यांनी धुऊन कोरडं करायचं. पाण्याचा थेंब राहिला आणि त्यावर वितळलेलं कथील पडलं तर ते उडतं. डोळ्यात जाईल इतकं उडतं.

भट्टीवर भांडं फिरवत तापवायचं, तळ आधी आणि कड नंतर. चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असा फुटतो. त्यातला क्लोराइडचा वायू तांब्यावरचं ऑक्साइड खातो आणि धातू उघडा पडतो. तोच क्षण कथील फिरवायचा. कांडी भांड्यालाच टेकवायची, ती भांड्याच्या उष्णतेने वितळली पाहिजे. कांडी ज्वाळेत धरून थेंब पाडणारा कारागीर दिसला तर समजा भांडं अजून थंड आहे. मग कापसाच्या बोळ्यावर नवसागर घेऊन कथील ओढत न्यायचं, तळाकडून काठाकडे. शेवटी पाण्यात बुडवून थर गोठवायचा.

चुकतं कुठे ते कथीलच सांगतं. गोळ्या होऊन पळालं तर भांडं मळकट किंवा थंड. पिवळसर-निळसर झाक आली तर भांडं फार तापलंय, कथिलाचंच ऑक्साइड झालंय. बारीक काळे ठिपके राहिले तर नवसागर कमी पडला किंवा जुन्या पितळाला खोल खड्डे पडलेत. खड्ड्यात कथील शिरत नाही, आत अडकलेली हवा आणि मळ त्याला आत येऊ देत नाही.

आणि ते तीन आठवड्यांत काळपट पडणं: तेवढ्यावरून भेसळ ठरत नाही. लसूण, कांदा, अंडी, डाळी यांतल्या गंधकाने शुद्ध कथीलही करडं पडतं. करडं पडणं वेगळं आणि खालचं तांबडं दिसणं वेगळं. दुसरं झालं तर थरच पातळ होता.

मोजमाप

थराचा हिशेब मांडतो, म्हणजे कारागिराशी बोलायला बरं. २५ सेंमी व्यासाचं, १५ सेंमी उंच पातेलं घ्या. आतला तळ सुमारे ४९० चौरस सेंमी, भिंत सुमारे ११८०. मिळून १६७०. त्यावर १० मायक्रॉनचा थर म्हणजे १.६७ घन सेंमी कथील. कथिलाची घनता ७.३, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. २० मायक्रॉनला २४ ग्रॅम. बोळ्याला लागून आणि थेंब सांडून जाणारं धरलं तर अशा पातेल्याला २५ ते ३० ग्रॅम कथील खर्ची पडायला हवं. चार-पाच ग्रॅममध्ये उरकलेली कल्हई पहिल्या दिवशी तितकीच चमकते. टिकत नाही, एवढंच.

काम सुरू व्हायच्या आधी कांडी तोलून घ्या आणि नंतर पुन्हा तोला. भांडंही तोलता येतं, पण घासण्यात त्याचंही वजन थोडं घटतं, त्यामुळे कांडीच बरी.

सराफकट्टा

आता शिसं. कथील शिशाच्या दहापटीहून महाग असतं, त्यामुळे मोह कायमचा. शिवाय शिसं मिसळलेलं कथील जास्त सहज पसरतं आणि कमी उष्णतेला वितळतं, म्हणजे कोळसाही वाचतो. डाक (सोल्डर) लावायची जी ६०-४० ची, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असलेली, तार मिळते ती १८३ अंशांनाच मऊ पडायला लागते. तिची कल्हई दिसायला झकास होते. खायला नाही.

घरगुती चाचण्या, विश्वासार्हतेच्या चढत्या क्रमाने:

कागदावर घासून पाहणं. शिसं करडी रेघ ओढतं, कथील जवळजवळ नाही. पण शिसं थोडं असेल तर रेघ येत नाही, म्हणून रेघ आली तरच ही चाचणी कामाची.

कांडी वाकवून कानाशी धरणं. शुद्ध कथील वाकताना करकर वाजतं, त्याच्या स्फटिकांची मांडणी झटक्याने सरकते म्हणून. शिसं वाढलं की आवाज मरतो. बोटाएवढी जाड ओतीव कांडी लागते, तारेत हे ऐकू येत नाही.

घनता. २०० ग्रॅम शुद्ध कथील मोजनळीतल्या पाण्यात २७.४ मिली जागा घेतं. निम्मं शिसं असेल तर २२.५ मिली. हा फरक सहज दिसतो. १० टक्के शिसं असेल तर मात्र २६.५ मिली, आणि एवढा बारीक फरक घरच्या नळीवर पकडणं कठीण.

भाता_आणि_भट्टी

सराफकट्टा, एक चाचणी राहिली. शुद्ध कथील २३२ पर्यंत टणक राहतं. दोन-अडीच टक्क्यांच्या वर शिसं असलं की १८३ अंशांनंतर त्याच्या आत द्रव सुटायला लागतो. कांडीचा बोटाच्या पेराएवढा, पूर्णपणे कोरडा तुकडा तेलात ठेवून तेल २०० अंशांवर आणायचं. पाक मोजायचा थर्मामीटर चालतो. लांब सळईने टोचून बघा. कडक लागला तर ठीक. कोपरे ढळले, सळई रुतली तर भेसळ. उघड्यावर करा, मुलं-मांजरं दूर ठेवा, आणि ते तेल नंतर स्वयंपाकात नको.

सराफकट्टा

बरोबर, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण ही कांडीची परीक्षा झाली. भांड्यावर आधीच चढलेल्या कल्हईसाठी एक्सआरएफ हे क्ष-किरणांचं यंत्र लागतं, सोन्याचा कस बघतात ते. सराफ बाजारात आणि हॉलमार्किंग केंद्रांत असतं. अर्धा-एक मिनिट लागतं, भांड्याला ओरखडा नाही. दोन गोष्टी विचारून घ्या: यंत्रात कथील आणि शिशाचं मापन चालू आहे का, कारण काही यंत्रं फक्त सोन्या-चांदीसाठी बेतलेली असतात. आणि किरण पातळ थर ओलांडून खाली जातात, त्यामुळे आकड्यात खालचं तांबं-जस्तही मिसळतं. शिशाचा आकडा एखाद-दोन टक्क्यांचा आला तर घाबरू नका, तो पितळातलाही असू शकतो. कातकामाच्या पितळात दोन-तीन टक्के शिसं मुद्दाम घालतात, म्हणजे तासताना चुरा सुटा पडतो. पत्र्याच्या पितळात ते नको असतं. ओतीव भांडं आणि कातलेली पेलीबिली यांत मात्र असू शकतं. म्हणून बाहेरची कल्हई नसलेली बाजू आणि आतली बाजू अशी दोन मापं घ्या आणि फरक पाहा.

रोखठोक

एवढा खटाटोप कशाला? स्टील घ्या, मोकळे व्हा. कल्हईवाला शोधायचा, कांडी तोलायची, तेलात उकळायची... त्यापेक्षा आमटी लवकर होईल.

गोदाकाठची_चूल

स्टीलला कुणाचीच ना नाही हो. ज्यांच्याकडे भांडी आहेत त्यांच्यासाठी धागा आहे.

क्षार_आम्ल

कळकण्याबद्दल लिहितो. भांड्याचा धातू उतरून ताक बिघडलं की 'ताक कळकलं' म्हणतात, हा शब्द आपल्याकडे आयता आहे. त्यामागचं रसायन मात्र जरा उलटं आहे.

तांबं आम्लात आपणहून विरघळत नाही. जस्त किंवा लोखंड आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतं, तांब्याला ते जमत नाही. त्याला हवेतला ऑक्सिजन मदतीला लागतो. आधी ऑक्साइड, मग ते आम्लात विरघळतं. त्यामुळे ताकाच्या पातेल्यात सर्वांत जास्त खाल्लं जातं ते तळाशी नव्हे, तर ताकाच्या पातळीच्या रेषेवर, जिथे आम्ल, हवा आणि धातू तिघे एकत्र येतात. तिथेच हिरवट कडं धरतं. तेच जंगाल. कल्हईही आधी याच रेषेवर उडते.

पितळात आणखी एक भर: त्यातलं जस्त हवेवाचूनही आम्लात उतरतं. म्हणून पितळ तांब्याहून 'सौम्य' आहे हा समज चुकीचा.

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, दही, कढी, चिंच-आमसुलाचं काहीही, टोमॅटो, लिंबू, लोणचं नको. भात, साधं वरण, दूध उकळणं आणि लगेच काढणं यात धोका कमी. पण 'लगेच काढणं' विसरू नका. शिजवताना जेवढं तांबं उतरतं त्याहून जास्त रात्रभर तसंच ठेवल्याने उतरतं. कल्हई केलेल्या भांड्यातही आंबट पदार्थ शिजवा, साठवू नका. तांबं जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलटी, पोटात कळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. शिशाची ०.०१, आणि तिथे सवलत नाही. कथील त्या मानाने निरुपद्रवी. डबाबंद अन्नात किलोला २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मानकात चालतं.

२०११ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांतही नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. हलवाई, खानावळवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

पंचवटी_पितळ

गुलाबी पितळ. हे दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिला प्रकार वरवरचा. चिंचेत, लिंबात किंवा बाजारच्या पावडरीत पितळ जास्त वेळ राहिलं की पृष्ठभागातलं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याची पातळ साय मागे उरते. किंवा याहून नेहमीचं म्हणजे त्याच आम्लाच्या पाण्यात तारेची घासणी वापरणं. पाण्यात तांबं उतरलेलं असतं, लोखंड विरघळतं आणि तांबं पितळावर येऊन बसतं. म्हणजे घासताना तुम्ही पितळावर तांब्याचा मुलामा चढवत असता! एका पाण्यात आधी तांब्याची आणि मग पितळेची भांडी घासली तरी हाच घोटाळा होऊ शकतो.

इलाज: काथ्याने किंवा सुती फडक्याने, रांगोळी किंवा बारीक राखेने, कोरडं घासा. साय निघून जाते. भांडी खूप असतील तर १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २०० मिली. भांडं प्लास्टिकच्या टबात बुडवून पाच मिनिटांनी बघायचं. पेरॉक्साइड तांब्याचं ऑक्साइड करतं, लिंबूसत्त्व ते उचलतं. गुलाबीपणा गेला की लगेच बाहेर, साबणाने धुवा, पुसून कोरडं करा. कल्हईच्या भांड्याला हे नको. देवघरातल्या जुन्या मूर्तींनाही नको. त्यांच्यावरचा शेकडो पूजांचा काळपट थर एकदा गेला की परत येत नाही.

दुसरा प्रकार खोलवरचा. वर्षानुवर्षं पाणी साठवलेल्या पितळी पिंपाच्या किंवा बंबाच्या तळाला लालसर डाग पडतात, टिचकी मारली की बद्द वाजतो, खिळ्याने खरवडलं तर भुसभुशीत लागतो. तिथलं जस्त आतपर्यंत गेलेलं असतं आणि तांब्याचा स्पंज उरलेला असतो. हे कोणत्याही घासण्याने भरून येत नाही. कल्हईसुद्धा त्यावर टिकत नाही. ते भांडं आता फुलझाडांसाठी.

निफाडचा_मळा

तारेच्या घासणीचं वाचलं आणि बोर्डोची, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, कोयता-परीक्षा आठवली. तेच रसायन आहे. विषय जरा हलतोय, पण मोरचूद हेही तांब्याचंच पोर, म्हणून लिहितो.

१ टक्का बोर्डो, १०० लिटर: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो. मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात वरच्या वर लोंबकळत ठेवायचं. तळाशी टाकलं तर भोवतीचं पाणी जड होऊन तिथेच बसतं आणि सकाळपर्यंत खडे तसेच. चुना वेगळा फोडून, गाळून ५० लिटर. पिंप प्लास्टिकचं. लोखंडी किंवा जस्ताचा पत्रा चालत नाही, तांबं त्यावर बसून जातं आणि द्रावण फुकट. मग चुना मोरचुदात ओतायचा, ढवळत.

तयार झाल्यावर घासलेला कोयता मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबडी झाक आली तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पान जळणार. चुन्याची निवळी वाढवायची. झाक नाही आली तर फवारायला मोकळे.

क्षार_आम्ल

एक दुरुस्ती. चुना मोरचुदात नव्हे, मोरचूद चुन्यात ओतायचं. किंवा दोन माणसांनी दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात. कारण असं: मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी. त्यात चुना पडू लागला की सुरुवातीला द्रावण आम्लातच राहतं, साका जाडसर बनतो, लवकर खाली बसतो आणि नोझल तुंबतो. उलट केलं तर साका क्षारात बनतो, मऊ, आभाळी निळा आणि पानाला धरून राहणारा. दोन्ही द्रावणं गार हवीत. चुना फोडल्याबरोबर गरम वापरायचा नाही. आणि त्याच दिवशी संपवायचं, रात्रभर राहिलं की साक्याचे स्फटिक मोठे होतात आणि चिकटपणा जातो.

निफाडचा_मळा

मान्य. लिहिताना उलटं झालं, वाचणाऱ्यांनी क्षार_आम्ल यांचं धरावं.

मोजमाप

फ्रान्सच्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षांच्या डाऊनी (केवडा) या बुरशीरोगावर हे मिश्रण पुढे आणलं, म्हणून ते बोर्डो. मोरचुदात तांबं २५.४ टक्के. हेक्टरी १००० लिटर १ टक्का बोर्डो मारलं तर १० किलो मोरचूद, म्हणजे एका फवारणीत अडीच किलो तांबं जमिनीवर. युरोपीय संघाने स्वतःच्या शेतकऱ्यांना सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलोची मर्यादा घातली आहे. तांबं कुजत नाही, वाहून फारसं जात नाही, वरच्या थरात साठत राहतं. ओळीने चार फवारण्या मारणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

गोदाकाठची_चूल

मळ्यातून स्वयंपाकघरात या हो मंडळी. कळशीची चीर राहिली.

पंचवटी_पितळ

मळ्यातूनच येतो, कारण चिरेचं मूळ बऱ्याचदा गोठ्यात किंवा खताच्या खोलीत असतं.

पितळी पत्रा थंड ठोकून किंवा लेथवर दाबून कळशी करतात, तेव्हा धातूत ताण कोंडला जातो. बाहेरून काही दिसत नाही. अशा ताणलेल्या पितळाला ओलावा आणि अमोनिया मिळाला की स्फटिकांच्या सांध्यांतून चीर धावते. गोमूत्र, कोंबड्यांची खुराडी, युरियाची फुटकी गोणी यातलं काहीही पुरतं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात पागांजवळ साठवली की अशीच फुटत, आणि पावसाळ्याच्या मोसमात फुटतात म्हणून इंग्रजीत या दोषाला मोसमी चीर असंच नाव पडलं. अमोनिया आणि कोंडलेला ताण ही जोडी जबाबदार, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

जस्त १५ टक्क्यांच्या वर गेलं की धोका वाढतो. भांड्यांच्या पितळात ते साधारण ३० ते ४० असतं. शुद्ध तांब्याला हा रोग जवळपास होत नाही.

टाळायचं कसं? घडवून झाल्यावर भांडं तासभर २५० ते ३०० अंशांवर ठेवलं तर ताण निघतो आणि धातू मऊही पडत नाही. चांगले कारागीर हे करतात. लक्षात घ्या, हे कल्हईच्या आधी. कथील २३२ ला वितळतं, नंतर तापवलं तर केलेली कल्हई वाहून जाईल. कल्हई करताना भांडं त्याच तापमानाला थोडा वेळ असतं, त्यामुळे थोडा ताण तिथेही सुटतो. नव्या पितळी भांड्याला लगेच कल्हई करून घ्या म्हणतात, त्याचा हा एक जादाचा फायदा.

गेलेली चीर डाक लावून थांबत नाही, ती पुढे सरकते. टोकाला बारीक भोक पाडून, तापवून ताण काढून मग पितळी झाळ द्यावी लागते.

निफाडचा_मळा

म्हणजे औषधाच्या खोलीत पंपाच्या पितळी नोझलच्या चाक्या उभ्या फुटतात ते हेच! युरियाच्या गोण्या शेजारीच.

पंचवटी_पितळ

हेच. पंप दुसऱ्या खोलीत टांगा.

क्षार_आम्ल

तांब्याचं पाणी आणि गडू, थोडक्यात.

स्वच्छ तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर राहिलं की जिवाणू कमी होतात, हे खरं. पण त्याला काही तास लागतात आणि भांडं आतून घासलेलं लागतं. गाळ, क्षार, नायट्रेट, कीटकनाशक यांवर तांब्याचा काही परिणाम नाही. नाशिकला गंगापूर धरणातून नळाला येणारं पाणी आधीच क्लोरिन मारलेलं असतं, तिथे तांब्याने फार मोठी भर पडते असं नाही. बोअरच्या जड पाण्याचा जडपणाही जात नाही. लिंबू पिळून ठेवणं, ताक ठेवणं सक्त मना.

सीलबंद गडू: तांबं ठीक आहे, प्रश्न झाकणाच्या डाकाचा. तो बहुधा शिशाचा असतो आणि काही भाग आत ओघळतो. पूजेत ठेवा, प्यायला नको. २०२७ च्या सिंहस्थासाठी माल करणाऱ्यांनी कथील-तांब्याचा डाक वापरावा, ०.७ टक्के तांबं, २२७ अंशांना वितळतो. आणि गडू काठोकाठ भरू नये. दोन कारणं. पाणी झाकणाला टेकलं तर उष्णता खेचून घेतं, डाक भुरभुरा बसतो. शिवाय १५ अंशांवर भरलेलं पाणी ४५ अंशांना सुमारे ०.९ टक्के फुगतं, तांबं मात्र ०.१५ टक्केच. २५० मिलीच्या गडूत दोन मिलीला जागाच उरत नाही आणि सांधा उकलतो. गाडीच्या डिकीत ओला झालेला गडू म्हणजे 'गंगा बाहेर आली' असा प्रकार नसून हा हिशेब असतो.

सराफकट्टा

काशाचं ताट: खरं कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील, जस्त नाही. थंड ठोकलं तर तडकतं म्हणून लाल करून ठोकतात. टिचकीला नाद लांबतो, आणि पडलं तर पोचा न येता फुटतं. पोचा पडलेलं 'कासं' बहुधा पितळ असतं. 'जर्मन सिल्व्हर'च्या पूजेच्या सामानात चांदी शून्य. तांबं, निकेल आणि जस्त. निकेलचा चकचकीत मुलामा दिलेली पितळी भांडी शोभेची, आंबटासाठी नव्हेत.

रोखठोक

बरं, हरलो. घरात एक कल्हईचं पातेलं निघालंच. गॅसवर वापरताना काय सांभाळायचं?

भाता_आणि_भट्टी

रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत तळ २३२ ओलांडतो आणि कथील सरकून थेंब होतात. आधी तेल किंवा पाणी, मग गॅस, तोही मध्यम. फोडणी १८० च्या आसपास होते, ती चालते. रवा, दाणे, खोबरं कोरडं भाजायला लोखंडी कढई घ्या. कथील नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ, म्हणून लाकडी पळी. घासायला मऊ फडकं आणि साबण. राख, चिंच, तार आतून अजिबात नाही, चिंच बाहेरच्या बाजूला. करपलं तर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळा, आपोआप सुटतं.

नव्या कल्हईत आधी एकदा सोड्याचं पाणी उकळून फेका, नवसागराचा अंश राहिलेला असतो. पुन्हा कल्हई कधी? आतले सगळे उघडे डाग मिळून रुपयाच्या नाण्याएवढे झाले की. एखादा ओरखडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

मोजमाप

अवांतर: १३ अंशांखाली कथिलाची करडी भुकटी होते, ती 'कथिलाची कीड'. निफाडचा पारा थंडीत त्याच्या बराच खाली जातो म्हणून कुणी विचारेलच. भिऊ नका. १३ अंश ही फक्त सुरुवातीची रेषा. बदल वेगाने व्हायला उणे तीस-चाळीसची थंडी लागते, आणि ती निफाडला पडत नाही.

गोदाकाठची_चूल

शेवटचं एक. झाकणाला आतून कल्हई लागते का? कारागीर म्हणतात, झाकण अन्नाला लागत नाही, कशाला पैसे घालवता.

क्षार_आम्ल

लागते. उलट झाकणालाच आधी. आमटीची वाफ झाकणावर थेंब होऊन बसते, त्यात आमसुलाची शिंतोडी उडालेली असते, आणि थेंबाभोवती हवा भरपूर. वर लिहिलेलं आठवा: आम्ल, हवा, धातू. पातेल्यात ही जागा एका रेषेएवढी असते, झाकणाला ती सगळीकडे असते. तो थेंब मग परत आमटीतच पडतो. कल्हई करायची नसेल तर पितळी पातेल्यावर स्टीलचं झाकण ठेवा.